'नाही घेतलं तर काय होईल?' हे डॉक्टरला कसं विचारायचं

एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन म्हटलं की लोकांना वाटतं हे कॉन्फरन्समधलं काहीतरी आहे, डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलायचं. खरं तर मामला सरळ आहे. हे औषध किंवा ऑपरेशन आधी माणसांवर नीट तपासलंय का, फायदा किती झाला, तोटा किती झाला, आणि समोर बसलेल्या माणसाला ते लागू पडतंय का, बास एवढंच. हे प्रश्न पेशंटनं विचारले तरी चालतात, माझं तर म्हणणं विचारावेतच. मी कोल्हापुरात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो, तर कसं विचारायचं, कधी विचारायचं आणि कधी अजिबात विचारत बसायचं नाही ते लिहितोय.

आधी घरातली तयारी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, "ती बारकी पांढरी गोळी" असं सांगून कुणालाच काही कळत नाही, अर्ध्या गोळ्या बारक्या आणि पांढऱ्याच असतात. त्यात मेडिकलमधनं परस्पर आणलेली पेनकिलर पण पाहिजे आणि कुणीतरी गुडघ्यासाठी दिलेली बिनलेबलची पुडी पण पाहिजे, कारण असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं आणि मग शुगर का वाढली हे शोधण्यात सगळ्यांचा वेळ जातो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. विचारायचं ते कागदावर लिहून न्या, दोन-तीनच प्रश्न, आणि सोबत बोलणारा माणूस एकच न्या. अख्खी गल्ली केबिनमध्ये आली की डॉक्टर सगळ्यांशी बोलतो आणि पेशंटशी तेवढं बोलायचं राहून जातं.

आता मुख्य प्रश्न, तो म्हणजे "हे नाही घेतलं तर काय होईल?" टोमणा मारल्यासारखा विचारू नका, खरंच जाणून घ्यायचंय असा विचारा. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लिहिलं असेल तर प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा "काही नाही, आठवड्यात बरं वाटेल, खोकला जरा जास्त दिवस रेंगाळेल" असंच असतं, कारण ते व्हायरसचं दुखणं आहे आणि अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. बीपीच्या गोळीला हाच प्रश्न विचारलात तर उत्तर वेगळं येईल, आज काही होणार नाही पण वर्षानुवर्षं बीपी चढाच राहिला तर लकवा, हार्ट, किडनी, आणि त्याच्यामागं हजारो माणसांवर वर्षानुवर्षं केलेल्या ट्रायल्स आहेत. एकच प्रश्न, पण त्यातनं कुठली गोळी गरजेची आणि कुठली उगाच ते बरंचसं बाहेर येतं.

आणि आता सलाईन. यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण आमच्याकडं हा विषय संपतच नाही.

"डॉक्टर, एक सलाईन लावा की, अंगात कायबी त्राण न्हाई बघा."
"आक्का, तोंडानं खाता-पिता येतंय न्हवं? मग सलाईन कशाला?"
"मागल्या टायमाला लावल्यावर लई बरं वाटलेलं."

बरं वाटलेलं हे खोटं नाही, दोन तास पंख्याखाली गप पडून राहिलं, घरचे शेजारी बसले, कुणी भाकरी थापायला सांगितलं नाही, बरं वाटणारच. पण बाटलीत काय असतं ते बघा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर, शंभराच्या आसपास कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. त्यापेक्षा जास्त ताकद एका भाकरीत आणि वाटीभर आमटीत आहे आणि त्याला सुई लागत नाही. उलटी थांबत नाही, बीपी पडलंय, पेशंट शुद्धीवर नाही, डिहायड्रेशन जोरात आहे, अशा वेळी सलाईन जीव वाचवतं, तिथं वाद नाही. नुसत्या अशक्तपणाला मात्र त्याचा काही उपयोग नाही, आणि हार्ट किंवा किडनीच्या पेशंटला ते जादा पाणी अंगावर येतं. डॉक्टर पण लावतात कारण नाही लावलं तर पेशंट पुढच्या चौकातल्या दवाखान्यात जातो. म्हणजे यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही, मागणी आपलीच आहे.

जुलाबाला ओआरएस चालतं हे पुराव्यानं सिद्ध झालेलं आहे आणि तो पुरावा आपल्याच देशातला आहे. १९७१ साली बांगलादेशातनं आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्या हातानं पाजायला लावलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आता घेताना एवढं बघा, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं पाहिजे, आणि जेवढ्या पाण्यात सांगितलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धं आता अर्धं मग असं करू नका. फळांच्या चवीची टेट्रापॅकमधली गोड पाणी ओआरएसच्या नावावर विकली जायची, २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं असल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी केली, तरी दुकानात हातात काय पडलंय ते वाचून घ्या. पोराला जुलाब असतील तर सोबत झिंकचा कोर्स दिलाय का तेही विचारा, तो बऱ्याचदा लिहायचा राहतो.

तपासण्यांसाठी प्रश्न जरा बदलतो. "या रिपोर्टनं तुमची ट्रीटमेंट बदलणार आहे का?" असं विचारा. रिपोर्ट काहीही आला तरी गोळ्या त्याच राहणार असतील तर तपासणी कशाला? विडाल या टायफॉईडसाठीच्या रक्ततपासणीचंच घ्या. ताप आला की विडाल, आणि मग "टायफॉईड निघाला". आपल्याकडं टायफॉईड इतका फिरतो की आधी कधीतरी झालेल्या इन्फेक्शनमुळं किंवा दुसऱ्याच तापामुळं पण एकच केलेली विडाल पॉझिटिव्ह येते, आणि खरा टायफॉईड असताना पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह पण येते. टायफॉईडचा खरोखर संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, करायचं असतं. "डॉक्टर, कल्चर करायचं का?" एवढं विचारलं तरी पुरे.

फुल बॉडी चेकअपच्या ऑफरचं गणित तर लई मजेशीर आहे. नॉर्मल रेंज ठरवतानाच ती अशी ठरवतात की ठणठणीत माणसांतली ९५ टक्के माणसं आत बसतील आणि ५ टक्के बाहेर पडतील. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर एकदम निरोगी माणसाचा पण एखादा तरी आकडा लाल येण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के होते. मग त्या लाल आकड्यासाठी सोनोग्राफी, सोनोग्राफीत काहीतरी बारीक दिसलं म्हणून सीटी, आणि घरात कुणाला झोप नाही. २०१९ साली कोक्रेन या ट्रायल्सचे निकाल तपासणाऱ्या संस्थेनं सगळ्या ट्रायल्स एकत्र करून बघितलं तर असल्या सरसकट चेकअपमुळं मृत्यू कमी होतात असं दिसलं नाही. कोक्रेनच्या रिव्ह्यूंचा सोप्या भाषेतला सारांश नेटवर फुकट वाचता येतो, फॉरवर्डपेक्षा तो वाचा. तिशीनंतर बीपी आणि शुगर मात्र बघून घ्याच, ते सरकारी आरोग्य केंद्रात फुकट बघतात, आणि मावा-मिश्री असेल तर तोंड उघडून दाखवा, त्याला पॅकेज लागत नाही.

पुढं टक्क्यांचा खेळ. समजा एखाद्या गोळीची जाहिरात आली, "अटॅकचा धोका ५० टक्क्यांनी कमी". ऐकायला नाद खुळा. पण गोळी न घेणाऱ्या १०० जणांत २ जणांना अटॅक येत होता आणि घेणाऱ्यांत १ जणाला आला, तरी ते ५० टक्केच होतात. म्हणजे १०० जणांनी गोळी घेतली तेव्हा एकाचा अटॅक टळला, बाकीच्या ९९ जणांना या बाबतीत काही फरक पडला नाही. ती गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, ज्याला आधी अटॅक येऊन गेलाय त्याचा मुळातला धोकाच जास्त असतो, त्यामुळं त्याला तीच गोळी कितीतरी जास्त उपयोगी पडते. म्हणून विचारायचं असं, "माझ्यासारख्या १०० माणसांत किती जणांना फायदा होतो, आणि किती दिवसांत?" डॉक्टरला नेमका आकडा तोंडपाठ नसेल तर राग मानू नका, मलाही सगळे नसतात, पण पुढच्या वेळी बघून सांगतो म्हणणारा डॉक्टर चांगला.

आणि रिपोर्ट सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं, हे आम्हा डॉक्टरांना पण लई महागात शिकावं लागलं. १९८० च्या दशकात अटॅकनंतर ठोके चुकणाऱ्या पेशंटना ठोके सरळ करणाऱ्या गोळ्या द्यायचे, ईसीजी छान यायचा, सगळे खूश. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. खरी गोळी दिलेल्या ७५५ जणांतले ६३ दगावले, आणि नुसती दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिलेल्या ७४३ जणांतले २६. ईसीजी चांगला आणि माणूस गेलेला. तेव्हापासनं "पण डॉक्टर, आकडा तर खाली आला की" या वाक्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही.

कुणी म्हणेल ह्या सगळ्या ट्रायल्स अमेरिकेतल्या, आमच्या ऊस तोडणाऱ्या माणसाला त्याचं काय. रास्त शंका आहे. पण महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून जीव वाचवले, आणि पुढं २०११ साली नीट ट्रायल करून छापली, ७० पेशंट, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि निम्म्यांना प्रॅझोसिनसोबत विंचवाची लस. दहा तासांत पहिल्यातले ३५ पैकी ८ पूर्ण बरे, दुसऱ्यातले ३५ पैकी ३२. हे काम कोकणातल्या साध्या दवाखान्यातलं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि २०११ पासनं आशाताई देशभर तेच करतायत. पुराव्यावरनं धोरण कसं ठरतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून घरी बाळ असेल आणि आशाताई वजन करायला आली तर "आम्ही मोठ्या दवाखान्यात दाखवतोय" म्हणून तिला दारातनं परत पाठवू नका.

ऑपरेशन सांगितलं तर काय करायचं? पहिलं म्हणजे इमर्जन्सी आहे की नाही ते एका वाक्यात विचारा. छातीत कळ येऊन घाम सुटलाय, तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, साप चावलाय, अपघात, बाळंतपणातला रक्तस्राव, अशा वेळी हा लेख विसरा आणि पळा. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तिथं सेकंड ओपिनियनला वेळ नसतो. सापाला पण आवळून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यात वेळ घालवायचा नाही, हात-पाय न हलवता सरळ जिथं सापाची लस मिळते तिथं.

इमर्जन्सी नसेल तर मात्र दम धरा. जिना चढताना छाती भरून येते, अँजिओग्राफी केली, ९० टक्के ब्लॉक निघाला, आणि नातेवाइकांना स्क्रीनवर तो ब्लॉक दाखवून आत्ताच स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, टाकू का विचारतात, टेबलवर पेशंट, बाहेर घाबरलेली माणसं, कोण नाही म्हणणार. २०२० साली इस्केमिया नावाची ट्रायल छापून आली, ५,१७९ पेशंट, असं स्थिर दुखणं असलेले. आधी गोळ्या नीट देऊन बघितलेल्यांपेक्षा आधीच स्टेंट-बायपास केलेल्यांत मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं, त्यामुळं त्रास जास्त असेल तर तो टाकणं चुकीचं नाही. मुख्य नसेलाच ब्लॉक किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले पेशंट या ट्रायलमध्ये नव्हते, आणि अटॅक चालू असताना तर स्टेंटनं जीवच वाचतो. म्हणून प्रश्न असा, "हा अटॅक आहे का? नसेल तर आधी गोळ्यांवर बघता येईल का?" टाकायचा ठरलाच तर किंमत विचारा, २०१७ मध्ये एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं स्टेंटच्या किमतींवर कॅप लावली, औषध लावलेला स्टेंट आधी लाखाच्या वर जायचा तो तेव्हा २९,६०० वर आणला.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायचं ऑपरेशन हा दुसरा विषय. आपल्या साखर कारखान्यांवर बीडकडनं ऊसतोडीला ज्या टोळ्या येतात त्यांच्यातल्या कितीतरी बायकांची कमी वयात पिशवी काढलेली, २०१९ ला त्यावर गदारोळ झाला, सरकारनं चौकशी समिती नेमली. पाळीला खाडा नको, मुकादमाचा दंड नको, आणि डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातलेली. पांढरं जातंय किंवा अंगावरनं जास्त जातंय एवढ्यावर पिशवी काढायची नसते, आधी तपासणी आणि औषधं. चाळिशीच्या आत कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

दुसऱ्याला दाखवायचं तर कागद लागतात. रेकॉर्ड मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं हा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. लेखी अर्ज करा, एक प्रत स्वतःकडं ठेवा. महाराष्ट्रात २०२१ पासनं खासगी हॉस्पिटलनं दर आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे, भिंतीवर नसेल तर शांतपणे विचारा कुठं आहे. दुसऱ्या डॉक्टरकडं पहिल्याचं मत आधी सांगू नका, नुसते रिपोर्ट द्या आणि तुम्हाला काय वाटतं विचारा. आणि पहिल्याच डॉक्टरनं सांगितलेल्या माणसाकडं सेकंड ओपिनियनला जाऊ नका, का ते तुम्हाला कळतंय. कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, घेणं नियमात बसत नाही आणि तरी तो चालतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

औषधांचं थोडक्यात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं लिहून मागा, मग जनऔषधी केंद्रात किंवा कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्त कंपनीचं मागता येतं. एका गोळीत तीन-चार औषधं कोंबलेली असतील तर प्रत्येक कशासाठी ते विचारा. २०१६ ला सरकारनं अशी ३४४ कॉम्बिनेशन्स बंद केली, ज्या समितीच्या अहवालावरनं केली तिचे अध्यक्ष चंद्रकांत कोकाटे, आपल्या शेजारच्या बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू. कंपन्या कोर्टात गेल्या, २०१८ ला परत ३२८ वर बंदी आली, २०२४ ला आणखी १५६. पुराव्याशिवाय बाजारात किती माल खपत होता याचा अंदाज यावा.

आता योजना. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. ॲडमिट व्हायच्या आधी यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर जा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन, आणि तीन गोष्टी विचारा. माझा आजार योजनेत आहे का, या हॉस्पिटलला त्या विभागाची मान्यता आहे का, आणि वरनं काही भरायचं आहे का. भरायचं म्हणाले तर पावती मागा, पावती मागितली की बऱ्याचदा भरायचं राहतच नाही. हेल्पलाईन १५५३८८ आणि १४५५५. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल, ते पण विसरू नका, गर्दी असते, रांग असते, पण मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरला तुमच्या ऑपरेशनवर कमिशन मिळत नाही, त्यामुळं नुसत्या मतासाठी पण तिथली ओपीडी चांगली.

माझं योजनेबद्दलचं मत मात्र थोडं कडू आहे. ॲडमिट झालात, ऑपरेशन झालं तर सरकार पैसे देतं, पण ते ऑपरेशन टाळणारी बीपी-शुगरची रोजची गोळी योजनेत नाही, ती आरोग्य केंद्रातनं मिळायला पाहिजे आणि तिथला साठा संपला की पेशंट महिनाभर गोळीच सोडतो. ज्याला पैसे मिळतात ते वाढतं, हे सांगायला एमबीबीएस लागत नाही. बीपीसाठी चार-पाच स्वस्त गोळ्या, सगळीकडं एकच प्रोटोकॉल आणि न आलेल्या पेशंटला फोन, एवढ्यावर काम होतं, याच पद्धतीचा हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. तर झेडपीच्या इलेक्शनला कुणी दारात आलं की नवीन बिल्डिंग कधी बांधणार ते विचारू नका. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची ॲम्लोडिपिन आणि शुगरची मेटफॉर्मिन गेल्या वर्षात किती दिवस नव्हती, तेवढं विचारा, आणि माहीत नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडनं माहितीच्या अधिकारात मागवा, अर्जाला १० रुपये लागतात.

शेवटी बोलायची पद्धत. ओपीडीत माझ्यासमोर साठ माणसं बसलेली असताना कुणी मोबाईलवरचा लेख दाखवत "हे चुकीचं लिहिलंय तुम्ही" म्हटलं तर माझं पण डोकं फिरतं. तेच कुणी म्हणालं, "डॉक्टर, दोन मिनिटं द्या, ही गोळी किती दिवस घ्यायची आणि नाही घेतली तर काय, एवढं सांगा", तर मी पेन खाली ठेवून सांगतो. वडीलधाऱ्यांना विचारायची भीड वाटते, त्यांच्या वतीनं सुनेनं नाहीतर नातवानं विचारलं तरी चालतं. जो डॉक्टर प्रश्न विचारल्यावर ओरडतो आणि उत्तर देत नाही, तो कितीही मोठा असू दे, कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत दवाखान्यांची काही कमी नाही.